व्हेंजन्सवरून डाकोटावर

ओझरमुळे नाशकात विमानांवर अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना 1964 मध्ये आला, आधी मिग आणि पुढे सुखोई. आज आडगावपासून पिंपळगावपर्यंत कुणाचा ना कुणाचा काका तिथून रिटायर झालेला असतो. तरी इथेही एक समज पक्का बसलाय. लढाईत बॉम्बर चालवलेल्या माणसाला नंतर प्रवासी विमान चालवणं म्हणजे हातचा मळ, असं लोक धरून चालतात. मला हे साफ उलटं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात डाइव्ह बॉम्बर उडवलेला भारतीय वैमानिक 1946-47 मध्ये डाकोटा या दोन इंजिनांच्या प्रवासी विमानात येऊन बसला, तेव्हा त्याच्या जुन्या सवयींपैकी निम्म्या कामाच्या होत्या आणि उरलेल्या जीवघेण्या. कुठली सवय कुठल्या गटात मोडते, हे दोन्ही विमानांची रचना पाहिली की कळतं.

आधी बॉम्बर घेऊ. व्हल्टी व्हेंजन्स हे अमेरिकन विमान: एकच इंजिन, 14 सिलिंडरचं राइट, 1,600 अश्वशक्तीचं. माणसं दोन, पुढे वैमानिक आणि मागे नेव्हिगेटर किंवा गनर. पोटात 500 पौंडांचे दोन बॉम्ब, पंखांखाली 250 पौंडांचे दोन. आपल्या हवाई दलात 7 आणि 8 नंबरच्या स्क्वाड्रन या विमानावर होत्या. दोन्ही डिसेंबर 1942 मध्ये उभ्या राहिल्या, एक विशाखापट्टणमला आणि दुसरी त्रिचनापल्लीला. हेम चौधरींची 7 नंबर 1944 मध्ये सिल्चरजवळच्या उदरबंदहून इंफाळ-कोहिमाच्या लढाईत उतरली. निरंजन प्रसादांची 8 नंबर चितगाव-आराकान बाजूला होती. (प्रसाद पुढे भूदलात मेजर जनरल झाले. बॉम्बरनंतरच्या वाटा अशाही निघाल्या.)

या विमानाचा पंख धडाला शून्य अंशात बसवलेला होता. साध्या विमानात पंख दोन-तीन अंश वर कललेला असतो, म्हणून नाक सरळ असतानाही तो उचल देतो. तसं विमान उभं खाली सोडलं तरी पंख उचल देतच राहतो आणि विमान नेमापासून बाजूला सरकतं. व्हेंजन्स मात्र खरोखर 90 अंशात, नाक जमिनीत खुपसल्यासारखं खाली जायचं. याची किंमत सरळ उडताना मोजावी लागे. उचल मिळवायला सगळं विमानच नाक वर करून उडवायचं, त्यामुळे पुढचं दिसत नाही आणि टेक-ऑफची धावही लांबते.

हल्ल्याची पद्धत अशी. 10 ते 12 हजार फुटांवरून लक्ष्याकडे यायचं. इंजिनाला थंड हवा देणाऱ्या झडपा बंद, मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) रिच म्हणजे पेट्रोल जास्त, बॉम्बचे दरवाजे उघडे. लक्ष्य पंखाखालून सरकलं की विमान उलटं करून नाक खाली ओढायचं आणि पंखावरचे जाळीदार डाइव्ह ब्रेक उघडायचे. ब्रेक उघडे असले तरी वेग ताशी 300 मैलांच्या आसपास राहतो, म्हणजे सेकंदाला 440 फूट. 12,000 वरून 3,000 फुटांपर्यंत यायला जेमतेम 20 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वारा किती ढकलतोय ते पाहून नेम वारा येतो त्या बाजूला सरकवायचा, बॉम्ब सोडायचा आणि विमान ओढून बाहेर काढायचं. ओढताना अंगावर वजनाच्या पाच-सहा पट भार येतो आणि डोळ्यांपुढे काळोख होतो. शिवाय अशा उभ्या उडीत उंचीमापक मागे पडतो. काटा 3,500 दाखवतो तेव्हा विमान खरं त्याच्याही खाली असतं. एका सेकंदाचा उशीर म्हणजे 440 फूट गेले, आणि खाली कछारची टेकडी असली तर तेवढेच शिल्लक असायचे.

1944 च्या पावसाळ्यात दोन्ही स्क्वाड्रन व्हेंजन्सवरून काढल्या. 7 ला हरिकेन मिळाली, 8 ला स्पिटफायर.

आता नोकरी. युद्ध संपल्यावर अमेरिकनांची शेकडो डाकोटा इथेच पडून होती आणि ती स्वस्तात विकली गेली. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन अशा कंपन्या त्यांच्यावरच चालल्या. टाटा एअरलाइन्सची 1946 मध्ये एअर इंडिया झाली. वैमानिक हवे होतेच. पण हवाई दलाचे पंख छातीवर आहेत म्हणून प्रवासी बसवता येत नव्हते. 1937 च्या विमान नियमांनुसार खासगी उड्डाणाला ए लायसन्स आणि पगारी उड्डाणाला बी लायसन्स लागे. त्यासाठी हवाई कायदा, नेव्हिगेशन, हवामान, सिग्नल हे विषय पास करायचे, मोर्ससकट. 1948 मध्ये अलाहाबादला बमरौलीत नागरी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्याआधी जो तो आपापल्या कंपनीत बसून शिकला.

खरी अडचण लॉगबुकात दिसते. देवळाली, नाशिकरोड भागात फौजी घरं पुष्कळ, त्यामुळे अशी वही कुणाच्या ट्रंकेत असू शकते. मिळाली तर एकूण तासांच्या बेरजेवर भाळू नका. रकाने बघा: दिवसाचे तास, रात्रीचे तास, ड्युअल (शिक्षकासोबत), सोलो (एकट्याने), आणि शेवटी ढगात केवळ उपकरणांवर उडवलेले तास. शेरा डीसीओ असेल तर कामगिरी पार पडली, डीएनसीओ असेल तर पार पडली नाही, बहुतेक वेळा हवामानामुळे. डाइव्ह बॉम्बिंगला 12,000 फुटांवरून लक्ष्य डोळ्यांनी दिसावं लागतं, म्हणून हे वैमानिक उडाले ते दिवसा आणि उघड्या हवेत. रात्रीचा आणि ढगातला रकाना जवळपास रिकामा. विमान कंपनीला नेमके हेच दोन रकाने भरलेले हवे असायचे. जाँबाज माणूस आणि पात्र माणूस यांत हा फरक होता, आणि तो हुशारीचा नव्हता.

डाकोटात बसल्यावर पहिला बदल बुडाखाली. लढाऊ विमानात सीटचा खळगा पॅराशूट ठेवण्यासाठीच असायचा, वैमानिक त्या गठ्ठ्यावर बसायचा. डाकोटात त्या जागी गादी. प्रवाशांना पॅराशूट नाही म्हणून कॅप्टनलाही नाही. व्हेंजन्सचं इंजिन बंद पडलं तर दोनच गोष्टी: नाक खाली करून शेत शोधा, नाहीतर उडी मारा. डाकोटाचं एक इंजिन बंद पडलं तर उडत राहायचं असतं. बहुतेकांचा गोंधळ उडतो तो इथे.

डाकोटाची इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची, प्रत्येकी 1,200 अश्वशक्तीची. टेक-ऑफला 48 इंच मॅनिफोल्ड दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा) आणि मिनिटाला 2,700 फेरे. वर गेल्यावर साधारण 30 इंच आणि 2,050 फेऱ्यांवर आणायचं. समजा उचलल्यावर लगेच डावं इंजिन गेलं. नाक डावीकडे वळतं. उजवा पाय रोवून ते सरळ धरायचं आणि वेग सांभाळायचा. दोन्ही मिक्स्चर, प्रॉपेलर आणि थ्रॉटल पुढे. चाकं वर. आता कुठलं इंजिन गेलं ते पायावरून ओळखायचं: ज्या पायाला काम नाही, त्या बाजूचं इंजिन मेलं. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्या बाजूचा थ्रॉटल मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही, तर तेच ते. मग डोक्यावरचं त्या बाजूचं लाल फेदर बटण दाबायचं. पाती कडेवर वळून वाऱ्याला धार दाखवतात आणि पंखा थांबतो. शेवटी त्या इंजिनाचं मिक्स्चर, पेट्रोल, इग्निशन बंद.

चुका ठरलेल्या आहेत. घाईत थ्रॉटलची खात्री न करता चालू इंजिनाचंच बटण दाबणं, ही पहिली. दुसरी कमी माहितीची: फेदर पूर्ण झाल्यावर बटण आपोआप बाहेर उडी मारतं. ते अडकून राहिलं तर तेलाचा दाब वाढत जातो आणि पाती पुन्हा उघडायला लागतात, म्हणून ते हाताने ओढायचं. तिसरी चूक खास लढाऊ वैमानिकाची. उंची हवी म्हणून नाक ओढणं. साधारण ताशी 88 मैलांखाली रडरमध्ये, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूत, तेवढी ताकद उरत नाही. चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला फिरवतं आणि पालथं घालतं. पंखात ताकद असेपर्यंत ओढायची सवय व्हेंजन्सने लावलेली, ती इथे मोडावी लागते. आणि हे नुसतं वाचून होत नाही. वर हवेत इंजिन बंद करून पुनःपुन्हा घोटून घ्यावं लागतं.

उलट काही सवयी तशाच उपयोगी पडल्या. व्हेंजन्स आणि डाकोटा दोन्ही शेपटीच्या चाकावर बसणारी, त्यामुळे आडव्या वाऱ्यात उतरल्यावर विमान गर्रकन फिरू नये म्हणून पाय जिवंत ठेवायचे, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. चेकलिस्ट तोंडाने म्हणत करायची शिस्तही तीच.

वजनाचा हिशोब मात्र नवा. सैन्याने हेच विमान 31,000 पौंडांपर्यंत भरून उडवलं. नागरी प्रवाशांसाठी मर्यादा 25,200 पौंडांच्या आसपास, कारण एका इंजिनावर ते चढलं पाहिजे. आकडे मांडून बघा. रिकामं सुसज्ज विमान 17,500 पौंड धरू. कॅप्टन, सहवैमानिक आणि रेडिओ ऑफिसर मिळून 500. तेल 400. मुंबई-नागपूर अंतर सरळ 425 मैल, ताशी 160 मैलांनी 2 तास 40 मिनिटं. तासाला 100 अमेरिकन गॅलन धरले तर 270 गॅलन, पर्यायी विमानतळासाठी तासाभराचे 100, वर पाऊण तासाची राखीव. एकूण साधारण 450 गॅलन, गॅलनला 6 पौंडांनी 2,700 पौंड. 21 प्रवासी सामानासकट प्रत्येकी 200 पौंड म्हणजे 4,200. बेरीज 25,300. शंभर पौंड जास्त. एक-दोन बॅगा खाली काढा, नाहीतर पेट्रोल कमी घ्या. चारही टाक्या भरून 804 गॅलन घेतले तर फक्त 9 प्रवासी बसतात. "पेट्रोल फुल्ल करा" ही लढाऊ तळावरची पद्धत इथे परवडत नाही, आणि पेट्रोल कमी घेणं तर त्याहून महाग पडतं. काय सोडायचं ते कॅप्टनने सही करून ठरवायचं.

वजन बसलं तरी हवा बसली पाहिजे. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फूट. मे महिन्यात 44 अंशाला तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी 4,700 फुटांवर जाते. धाव लांबते, एका इंजिनावरची चढण जवळजवळ संपते. म्हणून उन्हाळ्यात दुपारऐवजी रात्री किंवा पहाटे उडणं शहाणपणाचं.

आता सह्याद्री. आपल्याकडच्या माणसाला हे नकाशाशिवाय कळेल. मुंबई-नागपूर सरळ रेघ ओढली तर ती हरिश्चंद्रगडाजवळून जाते, 4,670 फूट. तिच्या उत्तरेला 25 किलोमीटरवर कळसूबाई, 1,646 मीटर म्हणजे 5,400 फूट. त्या उंचीवर आणखी दीड हजार फूट धरून 7,000 फुटांच्या खाली घाट ओलांडायचा नाही. जुलैत इगतपुरीला धो-धो पडत असतं आणि सिन्नरला धूळ उडत असते, हे आपण बसमधून रोज बघतो. नागपूरहून येणाऱ्या वैमानिकाला तेच वरून दिसतं. संगमनेरपर्यंत खालचे दिवे स्पष्ट, आणि पुढे ढगांची भिंत.

इथे विमान डोंगरावर आदळू शकतं ते वारा मोजण्यातल्या चुकीने. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेचा. मुंबईहून जाताना तो पाठीत. 30 मैलांचा असेल तर जमिनीवरचा वेग 190 आणि सव्वादोन तासांत नागपूर. परत येताना तोच तोंडावर: वेग 130 आणि सव्वातीन तास. एक तास जास्त म्हणजे 100 गॅलन जास्त. समजा वैमानिकाने 130 धरले आणि वारा प्रत्यक्षात 45 चा निघाला. वेग 115. तीन तासांनी घड्याळाप्रमाणे घाट ओलांडलेला असतो, खरं विमान 45 मैल मागे असतं. म्हणजे नाक डोंगरांकडे असताना तो समजतो की खाली शहापूरची सपाटी आहे, आणि उतरायला लागतो.

वरून उंचीमापकाची भर. पावसाळ्यात दाब कमी असतो. उपकरण 1013 मिलिबारवर ठेवलं आणि खरा दाब 1003 असला तर काटा 300 फूट जास्त दाखवतो. मुंबईचा दाब रेडिओवर मागून घेऊन तो बसवल्याशिवाय उतरायला सुरुवात करायची नाही.

हा धोका टाळता येण्यासारखा आहे, म्हणून जास्त राग येतो. कळसूबाईपासून सांताक्रूझ 65 मैल. 7,000 वरून 1,500 फुटांवर यायला मिनिटाला 500 फुटांनी 11 मिनिटं लागतात, तेवढ्यात विमान 30 मैल जातं. घाई कसलीच नाही. घाटमाथा मागे पडल्याची दुसरी खूण मिळेपर्यंत 7,000 सोडू नका: मुंबईचा रेडिओ बीकन (दिशा कळावी म्हणून सतत सिग्नल देणारं केंद्र) किंवा ढगाच्या फटीतून दिसलेले कल्याणचे दिवे. माहुली 2,800 फूट आणि माथेरान 2,600 फूट पुढे आहेतच, तेव्हा त्यानंतरही उतरायचं ते आरामात. 20 सेकंदांत 9,000 फूट उतरलेल्या माणसाला 11 मिनिटं फार लांब वाटतात. बॉम्बर वैमानिकाला शिकवायला सगळ्यात कठीण गोष्ट हीच, असं मला वाटतं.

बीकनवरही डोळे मिटून भरवसा नको. रेडिओ कंपासची सुई वादळी ढगात वीज चमकली की बीकन सोडून त्या ढगाकडे वळते. सूर्यास्त आणि सूर्योदयाच्या सुमारास आकाशातून परतलेल्या लहरी मिसळतात आणि सुई अंशाअंशाने डुलते. अशा वेळी एका वाचनावर जायचं नाही. दोन-तीन मिनिटं बघून मधला अंदाज घ्यायचा आणि तो घड्याळ-वेगाच्या हिशोबाशी ताडून पाहायचा.

या सगळ्याची रोजची परीक्षा म्हणजे 1949 मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळनंतर चार डाकोटा निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी. एका विमानाला उशीर झाला की बाकी तीन अडकतात. त्यामुळे मुंबईच्या कॅप्टनवर दोन्ही बाजूंनी दडपण: वेळेवर पोचा, आणि तोंडावर वारा असताना परत निघा. नागपूरला टाकीत किती घ्यायचं, की पिशव्यांपैकी काही पुढच्या रात्रीवर टाकायच्या, हे तिथे दिव्याखाली लोडशीट (वजनाचा तक्ता) मांडून ठरायचं. स्क्वाड्रनमध्ये परत फिरायचा निर्णय लीडरचा. इथे दुसरा लीडर नाही. दिवसाच्या हल्ल्यांनी न भरलेला रात्रीचा रकाना मात्र या कामाने काही महिन्यांत भरला.

उलट दिशेचाही एक प्रकार घडला. बी-24 लिबरेटर बॉम्बर कानपूरच्या भंगारात पडले होते, परदेशी सैन्याने जाण्यापूर्वी मोडून टाकलेले. 1948 पासून एचएएलने ते उडण्याइतके दुरुस्त केले आणि जमशेद मुन्शी या कंपनीच्या चाचणी वैमानिकाने ते एकेक करून बंगळूरला नेले. नागरी नोकरीतला माणूस आणि भंगारातून उठलेला चार इंजिनांचा बॉम्बर. हवाई दलाने ते 1968 पर्यंत वापरले.

1947 ची निर्वासितांची ने-आण आणि श्रीनगरला सैन्य पोचवणं, यात नागरी डाकोटांनी पुन्हा अर्धलष्करी काम केलं. 1 ऑगस्ट 1953 ला आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. वैमानिक सरकारी महामंडळाचे नोकर झाले. 1957 मध्ये व्हायकाउंट आलं. चार टर्बाइन, दाब राखलेली केबिन, मिक्स्चरचा दांडाच नाही. ढगांच्या आतून नाही, ढगांच्या वरून घाट ओलांडायला लागले. व्हेंजन्सवरून आलेल्यांपैकी जे तेव्हा चाळिशीला टेकले होते, त्यांना पुन्हा वर्गात बसून टर्बाइनचं तापमान, फेरे आणि पेट्रोलचा नवा हिशोब गिरवावा लागला. व्हायकाउंटचं पेट्रोल म्हणजे रॉकेल, आणि ते खालच्या उंचीवर उधळतं. त्यामुळे लवकर खाली येण्याची सवय आता जिवाबरोबर पैशालाही महाग झाली.